लाइन तीनशेची, फाईल तीनची: फायबरचा वेग आणि जुन्या डिस्कचा वेग एका मापात आणताना

नागपुरात धंतोलीतील एका निदान केंद्राकडून एकच तक्रार माझ्याकडे चार वेळा आली. पहिल्यांदा गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, मग जूनच्या अखेरीस, मग ऑगस्टमध्ये आणि शेवटी सप्टेंबरमध्ये. केंद्राने १०० मेगाबिटची फायबर जोडणी बदलून ३०० मेगाबिटची घेतली होती, दरमहा तिचे जादा पैसे भरले जात होते आणि वेग तपासणाऱ्या संकेतस्थळावर ३०० च्या जवळचा आकडाही येत होता. मात्र रामदासपेठेत राहणाऱ्या डॉक्टरांनी घरून जुना सीटी स्कॅन मागवला, की त्यांच्या संगणकावरचा आकडा ३.२ च्या वर सरकत नसे. केंद्रातील यंत्रे सांभाळणाऱ्या तरुणाने फोनवर विचारले, “भाऊ, लाइन तर तीनशेची घेतली, मग फाईल तीननेच कशी येते?”

छापखान्यांत, हिशेबाच्या कार्यालयांत, लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या स्टुडिओंत, जिथे नवे फायबर आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीची डिस्क एकाच वाटेवर आहेत तिथे तिथे हा प्रश्न मला विचारला जातो. बहुतेक ठिकाणी तो विचारला जाण्याआधीच आणखी महागडी योजना घेतलेली असते. म्हणून या केंद्रात काय आढळले, त्यातले मी पहिल्या दोन वेळा काय चुकीचे ठरवले आणि आकड्यांचे रूपांतर करताना माणूस नेमका कुठे फसतो, हे सविस्तर लिहीत आहे.

आधी वाट कशी होती ते सांगतो. भिंतीवर फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, त्याच्यापुढे राउटर, राउटरपासून स्विच, आणि स्विचपासून जिन्याखालच्या खोलीत ठेवलेल्या जुन्या संगणकापर्यंत केबल. या संगणकावर विंडोज एक्सपी होते, कारण जुन्या प्रतिमा उघडणारे सॉफ्टवेअर त्याच्यापुढच्या आवृत्त्यांवर चालत नव्हते. प्रतिमा आयडीई या जुन्या पद्धतीच्या केबलने जोडलेल्या १६० गिगाबाइटच्या डिस्कवर होत्या आणि नेटवर्क कार्ड १०० मेगाबिटचे होते. वेगाची चाचणी मात्र दरवेळी स्वागतकक्षातील नव्या संगणकावरून घेतली जात होती. त्या चाचणीने फायबर ठीक आहे एवढेच कळत होते. जिन्याखालच्या संगणकाबद्दल ती काहीच सांगत नव्हती.

“एमबी” म्हणजे कोणते एमबी

रोमन लिपीत बिटसाठी लहान अक्षर आणि बाइटसाठी मोठे अक्षर वापरण्याचा संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत आणि बोलण्यात तर दोन्हींचा उच्चार एकच. “शंभर एमबीची लाइन” आणि “शंभर एमबीची फाईल” ही वाक्ये आपण एका दमात बोलतो, पण पहिल्यातला एमबी मेगाबिट असतो आणि दुसऱ्यातला मेगाबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे दोहोंत आठ पटींचे अंतर पडते. त्यामुळे मी कागदावर कोणताही वेग लिहिताना “एमबी” हा संक्षेप वापरतच नाही. मेगाबिट किंवा मेगाबाइट असा पूर्ण शब्द लिहितो. ही सवय लावून घेतल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी फोनवरच सुटतात, इतका हा घोळ सार्वत्रिक आहे.

आठाने भागले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. नेटवर्कच्या मापात मेगा म्हणजे नेमके दहा लाख. विंडोजच्या खिडकीत जे “एमबी” दिसते, ते १,०२४ गुणिले १,०२४ म्हणजे १०,४८,५७६ बाइटचे असते. या दुसऱ्या मापाला मेबीबाइट असे वेगळे नाव आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्येच दिले, परंतु विंडोजने ते स्वीकारले नाही आणि जुन्याच नावाने नवा घोळ चालू राहिला. मेगाच्या पातळीवर हा फरक पावणेपाच टक्क्यांहून थोडा जास्त, गिगाच्या पातळीवर सात टक्क्यांहून जास्त आणि टेराच्या पातळीवर जवळजवळ दहा टक्के होतो. एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दिसते, ती याच कारणाने.

आता केंद्राचे आकडे या मापांत बसवू. ३०० मेगाबिट म्हणजे ३०,००,००,००० बिट. आठाने भागून ३७.५ मेगाबाइट, विंडोजच्या मापात ३५.८. उलट दिशेने, डॉक्टरांच्या खिडकीतील ३.२ म्हणजे खऱ्या दशमान मापात ३.३६ मेगाबाइट, म्हणजे सुमारे २७ मेगाबिट. तीनशेपैकी सत्तावीस, एवढी ती गत होती. सीटीची एक प्रतिमा बहुधा ५१२ गुणिले ५१२ बिंदूंची असते आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागतात, म्हणून एका प्रतिमेला, म्हणजे एका छेदाला, ५,२४,२८८ बाइट होतात. बाराशे छेदांचा अभ्यास, म्हणजे एका रुग्णाचा पूर्ण स्कॅन, विंडोजमध्ये ६०० आणि दशमान मापात ६२९ मेगाबाइटचा असतो. रुग्णाच्या नोंदीची माहिती जोडली जाते ती वेगळी, पण ती किरकोळ. कागदी हिशेबाने तो सतरा सेकंदांत पोचायला हवा होता. प्रत्यक्षात तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत होता.

आकडा कुठे मोजलेला आहे

माझ्या मते रूपांतरातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. बिट की बाइट एवढेच विचारून भागत नाही. वाटेच्या कोणत्या ठिकाणी उभे राहून तो आकडा मोजला आहे, तेही विचारावे लागते.

आयडीई म्हणजे समांतर एटीए आणि जुने स्कझी या समांतर केबलींच्या जोडण्या आहेत आणि त्यांचे आकडे मुळातच मेगाबाइटमध्ये दिलेले असतात. अल्ट्रा एटीए १०० यातील १०० हे मेगाबाइट आहेत. म्हणजे ८०० मेगाबिट. शेजारच्या नेटवर्क कार्डावरील १०० हे मेगाबिट आहेत, म्हणजे १२.५ मेगाबाइट. एकाच संगणकाच्या पेटीत, एका वितीच्या अंतरावर, एकच आकडा आठपट वेगळ्या अर्थाने छापलेला असतो. या केंद्रातील तरुणाने दोन्हींवर “१००” वाचले आणि दोन्ही सारखेच धरले. त्यात त्याचा दोष नाही; दोन वेगळ्या परंपरांतून आलेल्या मापांची भेट त्याच्या पेटीत झाली होती. स्कझीचेही तसेच: अल्ट्रा १६० आणि अल्ट्रा ३२० यांतील आकडे मेगाबाइटचेच, त्यांना आठाने भागायचे नाही.

आयडीईनंतर आलेल्या साटा या डिस्कच्या जोडणीचा नियम वेगळा. तिथे १.५, ३ आणि ६ गिगाबिट हे आकडे तारेवर प्रत्यक्ष धावणाऱ्या बिटांचे आहेत, आणि तारेवर पाठवण्यापूर्वी दर आठ बिटांचे दहा बिट केले जातात. आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाझेक यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही संकेतपद्धती आहे. शून्य आणि एक यांचा समतोल राखून घेणाऱ्या टोकाला ताल चुकू न देणे हे तिचे काम. म्हणून साटाच्या आकड्याला आठाने नव्हे, दहाने भागावे लागते: १.५ गिगाबिटचे १५० मेगाबाइट, ३ चे ३०० आणि ६ चे ६००. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटचे याच हिशेबाने ५०० मेगाबाइट होतात. आठाने भागणारा माणूस इथे पंचवीस टक्के जादा वेग गृहीत धरतो आणि मग डिस्कला दोष देतो.

फायबरवरून जाणारे गिगाबिट इथरनेटही हीच संकेतपद्धती वापरते, पण तिथे आकडा संकेत उतरवल्यानंतरचा दिलेला असतो. तारेवर १.२५ गिगाबिट धावतात आणि नाव मात्र १ गिगाबिटचे असते. म्हणून इथरनेटला आठानेच भागायचे. घरोघरी येणाऱ्या जीपॉन फायबरमध्ये तर ही पद्धत वापरलीच जात नाही. तिथे येण्याच्या दिशेने २.४८८ आणि जाण्याच्या दिशेने १.२४४ गिगाबिट असतात आणि ते एका वाटणीयंत्रावरील सगळ्या ग्राहकांत विभागले जातात. बत्तीस घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने ओढू लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला येण्याचे ७७ आणि पाठवण्याचे ३८ मेगाबिटच उरतात. केंद्रातून प्रतिमा बाहेर जातात, आत येत नाहीत. त्यामुळे योजनेत पाठवण्याचा वेग किती लिहिला आहे हे आधी वाचावे. आमच्याकडे तो दोन्ही दिशांना सारखा होता आणि डॉक्टरांच्या घरची जोडणीही ३०० चीच होती.

यूएसबी २.० चा ४८० मेगाबिट हा आकडा आठाने भागून ६० मेगाबाइट देतो, परंतु मोठ्या फाईलसाठी नियमांनीच घातलेली कमाल मर्यादा ५३ मेगाबाइटच्या थोडी वर येते आणि हातात पडतात तीस ते चाळीस. राउटरच्या यूएसबी खोबणीत जुनी डिस्क लावून तिच्याकडून फायबरच्या वेगाची अपेक्षा करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. पुष्कळ राउटरांचा प्रोसेसर तेवढाही वेग पेलू शकत नाही.

यानंतर उरतो वेष्टनांचा खर्च. इथरनेटच्या नेहमीच्या चौकटीत १,५०० बाइट मावतात, त्यांतील ४० बाइट आयपी आणि टीसीपी या इंटरनेटच्या वाहतूक-नियमांच्या मथळ्यांना जातात. चौकटीभोवतीचा मथळा, तपासणीचा शेवट, आरंभीचा इशारा आणि दोन चौकटींमधील सक्तीची मोकळी जागा मिळून आणखी ३८ बाइट लागतात. म्हणजे १,५३८ बाइट धावतात तेव्हा १,४६० बाइट आपले असतात. हे प्रमाण ९४.९ टक्के. या हिशेबाने १०० मेगाबिटचे कार्ड जास्तीत जास्त ११.९ मेगाबाइट देते, जे विंडोजमध्ये ११.३ दिसते, आणि गिगाबिटचे कार्ड ११८.७ देते, जे ११३ दिसते. तुमच्या खिडकीत ११.३ च्या आसपासचा आकडा स्थिर राहिला असेल, तर दुसरे काहीही तपासण्याआधी वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचा टप्पा आहे असे समजावे. गिगाबिटच्या केबलीतील चार जोड्यांपैकी एक जोडी तुटली तरी पुष्कळदा जोडणी १०० वर उतरते, आणि नेटवर्क चालू राहिल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही.

मे, जून आणि ऑगस्ट

हा सगळा हिशेब मांडल्यावर मे महिन्यातच एक गोष्ट स्पष्ट झाली. १०० मेगाबिटच्या कार्डामुळे त्या संगणकातून ११.९ मेगाबाइटपेक्षा जास्त काहीही बाहेर पडणे शक्य नव्हते, त्यामुळे ३०० ची जोडणी त्याच्यासाठी निरुपयोगी होती. पण मिळत होते ३.३६. म्हणजे कार्डाच्याही अलीकडे आणखी एक अरुंद जागा होती.

ती शोधण्यासाठी वाटेचे दोन तुकडे केले. पहिल्या चाचणीत डिस्कला अजिबात हात न लावता, आयपर्फ या साधनाने एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत माहिती पाठवली. ९४ मेगाबिट मिळाले, म्हणजे नेटवर्क निर्दोष. दुसऱ्या चाचणीत नेटवर्कची केबल काढून ठेवली आणि फक्त डिस्कवरून मोठी फाईल वाचली. फाईल संगणकाच्या स्मृतीपेक्षा मोठी असणे आवश्यक असते, नाहीतर दुसऱ्या वाचनाला ती स्मृतीतूनच येते आणि आकडा खोटा फुगतो. डिस्कने ३.४ मेगाबाइट दिले आणि त्या वेळी प्रोसेसर १०० टक्के व्यग्र होता.

डिस्क हळू असताना प्रोसेसर पूर्ण व्यग्र असणे ही खूण विसरू नये. निरोगी आयडीई डिस्क डीएमए पद्धतीने माहिती थेट स्मृतीत टाकते आणि प्रोसेसर मोकळा राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलच्या प्रगत मांडणीत पाहिले, तर तिथे अल्ट्रा डीएमए ५ ऐवजी पीआयओ लिहिलेले होते, म्हणजे प्रत्येक शब्द प्रोसेसर स्वतः उचलून नेत होता. पीआयओची सर्वांत वेगवान पातळी कागदावर १६.७ मेगाबाइटची आहे. प्रत्यक्षात ती त्याच्या जवळपासही जात नाही.

विंडोज एक्सपी असे का करते? आयडीईच्या वाटेवर तपासणीच्या किंवा वेळ उलटून गेल्याच्या एकूण सहा चुका झाल्या, की ते वेग एकेक पायरी खाली आणते, आणि चुका चालूच राहिल्या तर शेवटी पीआयओवर येऊन थांबते. पुन्हा वर मात्र ते आपणहून चढत नाही. उपाय सगळ्यांना माहीत असलेला: डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनेल काढून टाकायचे आणि संगणक रीस्टार्ट करायचा, म्हणजे विंडोज नव्याने ओळख करून घेते. मी तेच केले. डॉक्टरांना त्या संध्याकाळी विंडोजच्या मापात ११ मिळाले.

इथे माझी चूक झाली. मे महिना होता, बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर होता, जिन्याखालच्या खोलीत वातानुकूलन नव्हते आणि संगणक कूलरच्या ओलसर झोतासमोर होता. उष्णतेने डिस्क अडखळली असावी असे मी ठरवून टाकले, संगणक बाजूला सरकवला आणि काम संपले असे सांगितले. जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाल्यावर तक्रार परत आली, तेव्हा मी ड्रायव्हरला दोष दिला आणि तो पुन्हा टाकला. दोन्ही वेळा मी परिणाम पुसला आणि कारण तसेच ठेवले. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा फोन आला, तेव्हा उष्णतेचे कारण टिकणारे नव्हते.

त्या वेळी मी जे केले ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. स्मार्टसीटीएल या साधनाने डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचल्या. नोंद क्रमांक ५ म्हणजे बदललेले खराब भाग आणि क्रमांक १९७ म्हणजे संशयित भाग, दोन्ही शून्य. क्रमांक १९९ म्हणजे केबलवरून येता-जाता बिघडलेल्या माहितीची गणती, ती १८७. या तीन ओळींनी निकाल दिला. पाच किंवा १९७ वाढत असते, तर डिस्क मरणपंथाला लागली असे म्हणून सगळे सोडून आधी प्रत काढायला बसलो असतो. फक्त १९९ वाढलेली असेल, तर डिस्क चांगली असून बिघाड बहुधा केबलीत किंवा तिच्या टोकांत असतो.

पेटी उघडल्यावर कारण हातात आले. आतली केबल साठ सेंटीमीटर लांब होती, दोनदा दुमडून पंख्यामागे खुपसलेली. समांतर एटीएच्या नियमांनुसार केबल ४६ सेंटीमीटरपेक्षा लांब असू नये. ३३ मेगाबाइटच्या वरच्या वेगांना ऐंशी तारांची केबल लागते, जिच्यात दर दोन तारांमध्ये एक जमिनीची तार असते. ही केबल ऐंशी तारांचीच होती, पण लांबीमुळे आणि घडीमुळे तिच्यातून जाणारे संकेत अधूनमधून बिघडत होते. केबल ४० तारांची असती, तर कंट्रोलरने ती ओळखून वेग स्वतःच ३३ वर ठेवला असता आणि चुका झाल्या नसत्या. बर्डीवर जुने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात ४५ सेंटीमीटरची ऐंशी तारांची केबल मिळाली. निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मुख्य डिस्कला, मधले करडे टोक रिकामे, अशी ती बसवली, चॅनेल काढून रीस्टार्ट केले आणि अल्ट्रा डीएमए ५ परत आले. डिस्क आता बाहेरच्या कडेला ५५ आणि आतल्या कडेला ३० मेगाबाइट देऊ लागली. फिरणाऱ्या डिस्कवर हा फरक नैसर्गिक आहे, कारण बाहेरच्या वर्तुळात एका फेऱ्यात जास्त माहिती मावते. क्रमांक १९९ ची नोंद केबल बदलल्यावर शून्य होत नाही. ती वाढायची थांबली की नाही एवढेच पाहायचे असते, म्हणून मी १८७ हा आकडा तारखेसह पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवला.

सप्टेंबर: आकडा तोच, रोग दुसरा

पुण्यातील एका तज्ज्ञाने सप्टेंबरपासून केंद्राच्या प्रतिमा पाहायला सुरुवात केली आणि त्यांच्या खिडकीत ३.१ दिसू लागले. केबल पुन्हा बिघडली, असे सर्वांनी गृहीत धरले. मात्र झाकणाच्या आतला १८७ जसाच्या तसा होता, डिव्हाइस मॅनेजरमध्ये डीएमए चालू होते, प्रोसेसर जवळजवळ स्वस्थ होता आणि रामदासपेठेत त्याच वेळी ११ मिळत होते.

कारण अंतरात होते. टीसीपीच्या मथळ्यात “एवढी माहिती मी पोच न देता घेऊ शकतो” हे सांगणारा रकाना सोळा बिटांचा आहे, त्यामुळे तो ६५,५३५ बाइटच्या वर जात नाही. १९९२ च्या आरएफसी १३२३ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने ती मर्यादा वाढवण्याची सोय केली, पण तिला दोन्ही टोकांची संमती लागते. एक्सपीच्या काळातील फाईल-शेअरिंगही याच मापाचे तुकडे एकामागून एक मागवते: एक तुकडा पोचल्यावर पुढच्याची मागणी. पुण्यापर्यंत जाऊन येण्याला पिंगमध्ये, म्हणजे फेरीचा वेळ मोजणाऱ्या चाचणीत, २० मिलिसेकंद लागत होते. एका फेरीत ६५,५३५ बाइट आणि सेकंदाला पन्नास फेऱ्या. गुणाकार ३२,७६,७५० बाइट, म्हणजे विंडोजच्या मापात ३.१. रामदासपेठेची फेरी ४ मिलिसेकंदांची होती, म्हणून तिथे ही मर्यादा १६ मेगाबाइटवर होती आणि नेटवर्क कार्डाच्या मर्यादेमागे ती लपून राहिली होती.

दोन अगदी वेगळे बिघाड खिडकीत जवळजवळ एकच आकडा दाखवू शकतात, हे मला या केंद्रात प्रथम इतके स्पष्ट दिसले. त्यांना वेगळे करण्याची सोपी रीत अशी: एकाच वेळी दोन फाईली वेगवेगळ्या जोडण्यांनी ओढाव्यात. डिस्क अडत असेल, तर दोघींत मिळून तेवढाच वेग वाटला जातो. अंतर अडवत असेल, तर प्रत्येकीला पूर्ण वेग मिळतो आणि बेरीज दुप्पट होते. पुण्याहून दोन फाईली ओढल्या, तेव्हा प्रत्येकीला ३.१ मिळाले.

यावर त्या जुन्या संगणकावर आणखी खर्च करण्यात अर्थ नव्हता. एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्येच थांबवले होते, आणि रुग्णांच्या प्रतिमा असलेला असा संगणक बाहेरून पोचता येईल अशा ठिकाणी ठेवणे मला पहिल्यापासून खटकत होते. ऑक्टोबरमध्ये सर्व प्रतिमा गिगाबिट जोडणीच्या नव्या साठवणयंत्रावर हलवल्या. डिस्क काढून आयडीई ते यूएसबी २.० अडॅप्टरला लावली. सुमारे ३० मेगाबाइटच्या वेगाने १६० गिगाबाइटला दीड तास लागला. मे महिन्यातील अवस्थेत, म्हणजे ३.३६ ने, हेच काम तेरा तासांच्या वर गेले असते.

याच जातीच्या आणखी दोन अडचणी

टेपवर प्रत काढणाऱ्यांना उलटी अडचण येते. एलटीओ ३ टेपचा मूळ वेग ८० मेगाबाइट, म्हणजे ६४० मेगाबिट आहे. तिला १०० मेगाबिटच्या नेटवर्कवरून ११.९ ने माहिती पुरवली, तर टेप थांबते, मागे येते, पुन्हा धावते आणि यात वेळेबरोबर टेपही झिजते. ४०० गिगाबाइटची टेप पूर्ण वेगाने दीड तासाच्या आत भरते. नेटवर्क अरुंद असेल तर नऊ तासांच्या वर. अशा वेळी माहिती आधी स्थानिक डिस्कवर उतरवून घ्यावी आणि तिथून टेपला द्यावी. स्कझीच्या एकाच केबलीवर एखादे जुने, एकेरी संकेताचे उपकरण जोडलेले असेल, तर १६० ची अख्खी वाट ४० वर उतरते. तेही आधी पाहावे.

दुसरी अडचण नावाची. “फायबर चॅनेल” ही साठवणयंत्रांची स्वतंत्र जोडणी आहे. तिचा इंटरनेटच्या फायबरशी संबंध नाही. तिचा १.०६२५ गिगाबिटचा आकडा तारेवरचा असल्यामुळे दहाने भागून १०६ येतो आणि चौकटींचा खर्च वजा जाता १०० मेगाबाइट धरतात. २, ४ आणि ८ गिगाबिटच्या पिढ्यांचे याच प्रमाणात २००, ४०० आणि ८०० होतात. १६ गिगाबिटच्या पिढीत संकेतपद्धती बदलून ६४ बिटांना ६६ झाली, म्हणून तिथे तारेवर १४.०२५ गिगाबिट धावूनही १,६०० मेगाबाइट मिळतात आणि दहाने भागण्याचा नियम लागू होत नाही. ओएनटीची हिरवी खोबण आणि साठवणयंत्राची दुहेरी खोबण एकमेकींना जोडता येतील का, असे मला दोन ठिकाणी विचारले गेले. ती जोडू नयेत. काचेची तार दोन्हीकडे असली तरी तिच्यावरून बोलली जाणारी भाषा वेगळी आहे.

धंतोलीच्या केंद्रात आता पुण्याच्या तज्ज्ञाला खिडकीत ३३ दिसतात, म्हणजे सुमारे २७७ मेगाबिट, आणि बाराशे छेदांचा अभ्यास अठरा सेकंदांत उघडतो. जुना संगणक बाहेरच्या जगापासून तोडून फक्त इमारतीतल्या जाळ्यावर, जुन्या सॉफ्टवेअरपुरता ठेवला आहे. गेल्या आठवड्यात त्याची पेटी पुसायला उघडली, तेव्हा स्मार्टसीटीएलही चालवून पाहिले. क्रमांक १९९ अजून १८७ वरच आहे.